जित्या माणसावर रडणं

आई रडता रडता मध्येच थांबली. हिंगोलीच्या स्टँडवर, एप्रिलच्या भर उन्हात. औंढ्याहून आलेल्या गाडीचा धुरळा अजून खाली बसायचा होता आणि प्रेमदास, माझा धाकटा भाऊ, टपावरून गाठोडं उतरवून घेत होता. आम्हा तांड्यावरच्या बायकांची रीत अशी, की बऱ्याच दिवसांनी भेट झाली की गळ्यात पडून रडायचं. नुसते हुंदके देऊन भागत नाही. त्या रडण्याला चाल असते, ओळी असतात. मधल्या काळात कोण गेलं, कुणाचं काय बिनसलं, हे एकीनं ओळीत सांगायचं, दुसरीनं ओळीतच उत्तर द्यायचं, आणि दोघींचं पुरतं झालं की डोळे पुसून पाण्याचा तांब्या मागायचा. आईनं माझ्या खांद्यावर कपाळ टेकलं आणि सुरू केलं. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, माझ्या उत्तराची जागा आली. मी हात लोंबते सोडून उभी. ती जागा तशीच ओलांडून तिनं तिसरी ओळ घेतली, तिच्या पायांच्या सुजेची. पुन्हा माझी जागा आली आणि तिथं ती थांबली. मान वर केली, ओढणीच्या टोकानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चल. ऊन लागून राहिलं." कुणीतरी मेलंय असं वाटून भोवती जमलेली माणसं पांगली. पस्तीस वर्षांची, पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात नोकरीला असलेली मी, आईचं गाठोडं काखेत मारून रिक्षा शोधायला लागले.

रिक्षात बसल्याबरोबर माझं दळण सुरू झालं. थांबायच्या आधी तिनं माझ्याकडे पाहिलं का? पाहिलं असेल तर कुठल्या नजरेनं? प्रेमदासच्या लक्षात आलं असेल का, आलं असेल तर तो परत जाऊन तांड्यावरच्या नानीबाई काकीला सांगेल का, आणि सांगितलं तर काकी काय म्हणेल? काकी काय म्हणेल हे मला पाठ आहे, तरी मी ते पुन्हा तिच्या तोंडून वदवून घेतलं, मग त्यावर उत्तर दिलं, उत्तर नीट जमलं नाही म्हणून दुसरं दिलं. निदान तिच्या पाठीवर हात तरी ठेवायला हवा होता. कुठला हात? उजव्या हातात पर्स होती. पर्स आधीच खाली ठेवायला हवी होती. "मॅडम, किधर लेना है?" रिक्षावाल्यानं हे तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आम्ही रेल्वे स्टेशनमागचं माझं घर ओलांडून पुढे गेलो होतो. जात्यात दाणा नसतो आणि दगडावर दगड घासत राहतो, तसं हे माझं लहानपणापासूनचं आहे. याला काय म्हणतात मला माहीत नाही. तांड्यावर मला खुळी म्हणत, शाळेत गुरुजी मंद म्हणत आणि गणितात पहिली आले तेव्हा तेच गुरुजी गप्प बसले. ऑफिसात आमचे हेडड्राफ्ट्समन विजयकुमार साहेब म्हणतात, "रूपाबाई, तुमचं इंजिन कधी बंद होतं का?" ते चेष्टेनं म्हणतात आणि त्यांचा स्वभावही चांगला आहे, पण त्या वाक्यावर मी एक अख्खा रविवार घालवलेला आहे.

आईच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. डॉक्टरांनी नांदेडला जाऊन मशीनवर रक्त साफ करून घ्यायला सांगितलं, आठवड्यातून दोनदा. आई म्हणाली, "न्हाई. मला मशीनला जुंपू नका." घरात आम्ही गोरमाटी बोलतो, आईला याडी म्हणतो, पण डॉक्टरांना कळावं म्हणून हे तिनं मराठीत सांगितलं आणि सांगून झाल्यावर तोंड फिरवून बसली. डॉक्टर तरुण होता. त्यानं मला बाजूला घेऊन दोनच गोष्टी सांगितल्या. दिवसभरात पाणी चार फुलपात्रं, त्यावर घोटभरसुद्धा नाही. आणि दुसरी उशीची. एका उशीवर झोपणारं माणूस दोन उशा मागायला लागलं, म्हणजे फुप्फुसात पाणी चढतंय. थांबू नका, त्याच पावली घेऊन या, एका इंजेक्शननं उतार पडतो. असं सांभाळलं तर दोन महिने, चार महिने, वर्षसुद्धा काढतात लोक. मी दहा दिवसांची रजा टाकली. प्रेमदासची हळद शिजवायची राहिली होती, कढया भाड्यानं आणलेल्या, तो दुसऱ्याच दिवशी परत गेला. जाताना म्हणाला, "बाई, तुजं ध्यान असू दे बरं. तू कवा कवा बसल्या जागी निघून जातीस."

पहिले पाच दिवस माझं ध्यान असं होतं की डॉक्टरांनीही वाखाणलं असतं. पाणी मी फुलपात्रानं मोजलं, ते फुलपात्र औषधाच्या झाकणानं मोजलं, आणि झाकणावरच्या खुणा खऱ्या आहेत का याची शंका आल्यावर दुकानातून दुसरं झाकण आणून ताडून पाहिलं. आई झोपली की तिचा श्वास मोजायची. घोट्यावर अंगठा दाबून पडलेला खळगा किती वेळानं भरतो ते पाहायची. ती कुशीवर वळली की मी उठून उशी पाहायची. उशी सरकली का तिनं सरकवली? सरकवली तर ती मागण्यासारखंच झालं का? मी दोनदा तिला उगाचच दवाखान्यात नेलं. दुसऱ्यांदा डॉक्टर हसला. आई रिक्षात माझा हात हातात घेऊन बसली. तिचे दंड उघडे होते. बापू, म्हणजे माझा बाप, गेल्यावर तिनं दंडावरचा चुडा उतरवला, त्याला पंचवीस वर्षं झाली, तरी तिथली कातडी बाकीच्या हातापेक्षा अजून उजळ आहे. त्या उजळ पट्ट्याकडे पाहिलं की माझं दळण जुन्या जागी जातं आणि तिथून हलत नाही.

दहा वर्षांची असताना मी शिरड शहापूरच्या बाजूला आमच्या तांड्याच्या माळावर शेळ्या राखायची. त्या वर्षी तांड्यावर लागोपाठ तीन म्हातारी माणसं गेली आणि तिन्ही वेळा मी बायकांच्या मागे बसून ऐकलं. बाकीच्या पोरी रडायच्या. माझ्या मात्र ध्यानात आलं, की यात एक बांधणी आहे. आधी हाक. मग त्या माणसाचे हात काय काय करायचे ते. मग काय अर्धवट राहिलं. मग भांडण, म्हणजे मेलेल्यालाच जाब विचारायचा, की असा कसा गेलास. आणि शेवटी पुन्हा हाक, पण पहिलीपेक्षा खालच्या सुरात. हे कुणी कुणाला शिकवत नव्हतं, तरी प्रत्येक बाई त्याच वाटेनं जात होती. हे कळलं तेव्हा मला जो आनंद झाला तो मला अजून आठवतो. अंगावर काटा आला होता आणि मी एकटीच माळावर हसत होते. मग मी करून पाहायला लागले. मेलेल्या करडावर केलं. गुरुजींवर केलं, आणि भांडणाच्या भागात त्यांचं पुरतं उट्टं काढलं. मग आईवर करायला घेतलं, कारण तिचे हात मला सगळ्यात जास्त माहीत होते. ते महिनाभर चाललं. एखादी ओळ सकाळी मनात घेऊन निघायची आणि दिवस मावळेपर्यंत तिचा एक शब्द बदलायची. भूक लागायची नाही. हेसुद्धा विचार करणंच होतं, त्याच डोक्यानं, पण यात मी घासली जात नव्हते. विहिरीच्या पायऱ्या उतरावं तसं एकेक पायरी खाली, आणि प्रत्येक पायरीवर थोडं अधिक गार.

नानीबाई काकी शेण गोळा करत माळावर आली आणि झुडपाआड तिनं सगळं ऐकलं. आईची हाक, आईचे हात, आई अशी कशी गेलीस. तिनं टोपली टाकली आणि मला केस धरून तांड्यावर फरपटत आणलं. "जित्या मायवर रडून राहिली गं ही! जित्या माणसावर!" जिवंत माणसावर रडलं की मरण त्याचं घर शोधत येतं, हे आमच्यात लेकरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण ते मी करत होते त्याला लागू आहे, हे मात्र माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आईवरून मीठ-मिरच्या उतरवल्या, माझ्या तोंडाला राख फासली. आणि दोन महिन्यांनी विहिरीच्या कामावर दरड कोसळून माझा बाप गुलाबसिंग गेला. बाहेर काढला तेव्हा त्याच्या मुठीत पहारीचा दांडा तसाच होता. सगळा तांडा जमलेला असताना काकी माझ्याकडे बोट करून म्हणाली, "मायचं म्हणाया गेली, बापावर पडलं." आणि मला, दहा वर्षांच्या मला, सगळ्यात आधी काय वाटलं? बरं झालं, आईवर नाही पडलं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बापावर त्या दिवशी मी रडले नाही, कारण मी हिशेब करत होते, की माझ्या ओळींत असं काय चुकलं की त्या आईला सोडून बापाला लागल्या.

त्यानंतर मी तोंड मिटलं. माझ्या लग्नात ढावलो म्हणायची वेळ आली. नवरीनं एकेकाच्या गळ्यात पडून रडत म्हणायचं असतं. पंधरा दिवस म्हाताऱ्यांनी शिकवलं, माझं पहिल्याच दिवशी पाठ झालं होतं. शेवटी मला बैलाच्या पाठीवर उभी केली, दोन्ही हात वर करून तांड्याचा निरोप घ्यायला. सगळ्या बायका खाली वाट पाहत उभ्या. खाली प्रेमदास होता, आई होती. ज्याचं नाव आधी घेईन त्याच्यावर पडेल, मग कुणाचं आधी घ्यायचं, नाव न घेता म्हटलं तर चालेल का, चाललं तर ते कुणावर पडेल? बैल कंटाळून हलला, तरी मी गप्प. "दगड हाय पोरगी. शिकली ना," काकी म्हणाली. देविदास मास्तरांशी माझं लग्न झालं, ते भले गृहस्थ निघाले, साखऱ्याच्या शाळेवर असतात, शनिवारी संध्याकाळी येतात. लग्नानंतर काही महिन्यांनी त्यांनी विचारलं होतं, "त्या दिवशी तू काहून न्हाई रडलीस?" मी म्हटलं, विचार करत होते. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

नोकरीत मला पायऱ्या उतरायची जागा पुन्हा मिळाली. मी अनुरेखक आहे. म्हणजे मूळ नकाशावर पारदर्शक कापड अंथरायचं आणि शाईच्या पेननं एकेक रेष उतरवून घ्यायची. सिद्धेश्वरच्या कालव्याच्या शीट्स मी वर्षानुवर्षं उतरवल्या. सारख्या उंचीच्या जागा जोडत जाणाऱ्या कंटूरच्या रेषा डोंगराभोवती फिरतात, एकमेकींच्या अगदी जवळ येतात, पण कधी एकमेकींना कापत नाहीत. का कापत नाहीत, हे एकदा मनात आलं आणि मी तीन तास तिथंच होते. मग आईच्या फेटियावरचे, म्हणजे घागऱ्यावरचे टाके आठवले, तेही असेच एकमेकांना चुकवत जातात. मग वाटलं, पाणी, सुई आणि डोंगर या तिघांना एकच नियम कुणी सांगितला असेल? चहा गार झाला. विजयकुमार साहेब टेबलापाशी येऊन गेले, मला पत्ता नाही. माणसं समजतात की जास्त विचार करणं हाच माझा आजार आहे आणि तो कमी केला की मी बरी होईन. दोन विचार वेगळे आहेत हे त्यांना कोण सांगणार. एकानं मी झिजते आणि दुसऱ्यानं भरून येते. झिजवणारा विचार माणसाचा असतो, भरून आणणारा कशाचाही असू शकतो, फक्त त्यात माणूस नको, असं माझं तेव्हा ठाम मत होतं.

सहाव्या दिवशी सकाळी आई भिंतीला टेकून बसली होती. सुईत दोरा ओवून दे म्हणाली, मी दिला, पण टाका न घालता तिनं सुई तशीच मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "रूपा, तू माज्यावर केलतं नं, माळावर. ते म्हण."

मला वाटलं माझ्या कानांना काहीतरी झालं. पंचवीस वर्षांत तिनं त्याचं नावही काढलं नव्हतं.

"याडी, तसं म्हणू नये."

"काहून? मेल्यावर म्हणशील ते मला काय ऐकू येतंय? बाकीच्या बाया ऐकतील. नानी ऐकंल." ती थोडी हसली. "त्या रोजी तुला मारलं, मी मधी पडले न्हाई. मला ऐकायचं होतं गं. काय केलंस ते. नानीनं अर्धंच सांगितलं अन् ते बी शिव्या घालत."

"बापूवर पडलं ते."

"बापूवर दरड पडली," आई म्हणाली. "म्या सोता उकरली, त्याला काढाया."

एवढं बोलून तिला दम लागला. मी तिच्या छातीकडे पाहत राहिले, श्वास मोजले, ते ठीक होते. पण त्या वाक्यानं माझं दळण काही थांबलं नाही, उलट त्याला नवा दाणा मिळाला. दोन दिवस मी त्यातच होते. म्हटलं आणि ती गेली तर? नाही म्हटलं आणि ती गेली तर? तिला मरायचंय म्हणून ती हे मागते आहे का? माझ्या हातून जावं असं तिला वाटतं का? मी पाणी मोजत होते, उशीकडे पाहत होते, आणि त्याच वेळी हे सगळं चालू होतं. तिसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, काय झालं मला सांगता येत नाही. भाकरी थापताना त्या जुन्या ओळींपैकी एक आपोआप वर आली. तुझ्या सुईला माझे डोळे लागायचे याडी, आता दोरा कोण मागेल. ओळ चांगली होती. दहा वर्षांच्या पोरीची होती, तरी चांगली होती. फक्त 'डोळे' तिथं फार लवकर येत होता. तो मागे नेला तर? मी परातीतल्या पिठावर बोटानं ओळीच्या जागा आखल्या, भाकरी करपली, आणि मी उतरायला लागले.

ते अडीच दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते. हे लिहायला माझा हात धजत नाही, पण तेच खरं आहे. पंचवीस वर्षांत जे जे साठलं होतं ते जिथल्या तिथं बसत होतं. माणसावरचा विचारसुद्धा भरून आणणारा असू शकतो, हे मला पहिल्यांदा कळलं. आईचे हात मी पुन्हा पाहिले, या वेळी श्वास मोजण्यासाठी नव्हे. ती पीठ चाळताना मनगट कसं मोडायची, शेळीची धार काढताना शेळीशीच कशी भांडायची. तिची शेळी म्हणजे तांड्याचा ताप. कुणाच्याही उभ्या पिकात शिरायची आणि मालक बोंबलत आला की आई म्हणायची, शेळी न्हाई गेली, तुजं शेतच शेळीपाशी आलं. ही ओळ मला शुक्रवारी सापडली. नववी ओळ. तिथपर्यंत सगळ्या ओळी जड होत्या, तिथं तिला हसू यावं असं मला वाटलं. मी ती ओळ तिच्या हसण्यासाठीच केली आणि करताना मीच तोंडावर पदर धरून हसले. आई खाटेवरून पाहत होती. माझ्याकडे पाहत ती खूश होती, मी पाहिलं ते. गुरुवारी दुपारी तिनं दुसरी उशी मागितली होती. मी दिली. शनिवारी सकाळी तिसरी मागितली, तीही दिली. तिचं डोकं नीट टेकलं का हेसुद्धा पाहिलं. उशी म्हणजे काय, हे त्या वेळी माझ्या डोक्यात कुठंच नव्हतं.

शनिवारी दुपारी लोडशेडिंग होतं. पंखा बंद, पत्र्याची खोली, मी दाराशी उजेडात वही घेऊन बसलेली. बावीस ओळी झाल्या होत्या, फक्त शेवटच्या हाकेचा सूर कुठं ठेवायचा ते ठरत नव्हतं. मागून आई म्हणाली, "रूपा."

"हं."

थोड्या वेळानं पुन्हा, "रूपा, इकडं ये."

"थांब याडी, एक ओळ राहिली."

ती थांबली. ती आयुष्यभर माझ्यासाठी अशीच थांबत आली होती. जेवायला बोलावून थांबायची, शाळेच्या वाटेवर थांबायची. मी कुठंतरी निघून गेलेली असले की हलवायची नाही, बाजूला बसून राहायची. तांड्यावर हे एवढं एकाच माणसाला जमायचं. किती वेळ गेला मला माहीत नाही. ओळ लागली. मी वळले. ती तीन उशांवर जवळजवळ बसलेलीच होती, कपाळावर घाम, ओठ कोरडे. उन्हाळाच होता, घाम मलाही होता.

"झालं?" ती म्हणाली.

"झालं."

"म्हण मग. घाई कर."

तिला उत्सुकता आहे असं मला वाटलं. मी तिच्या पायाशी बसले. समोर चेहरा असला की मला म्हणता येत नाही, म्हणून डोळे मिटले. पहिली हाक लावली आणि माझाच आवाज मला ओळखू आला नाही, इतका तो मोकळा होता. भीती कुठं गेली होती कोण जाणे. एकेक ओळ आली ती नेमकी जिथं यायला हवी तिथं. सुई आली, मनगट आलं, शेळी आली. बापूची दरड आली, तिथं मी आईशी भांडले, की म्या सोता उकरली म्हणालीस ते मला पंचवीस वर्षं आधी का नाही सांगितलंस? मग उतार, मग शेवटची हाक, खालच्या सुरात. ती संपली तेव्हा मी कुठंतरी तळाशी होते आणि तिथं अतिशय गार होतं. थोडा वेळ मी डोळे उघडले नाहीत. मग उघडले.

आईचं तोंड किंचित उघडं होतं. एक हात खाटेवरून खाली आला होता, माझ्या खांद्याच्या दिशेनं किंवा नुसताच. मी हाक मारली, हलवलं, शेजारच्यांना बोलावलं, रिक्षा आणली. दवाखान्यात त्या तरुण डॉक्टरनं पापण्या उघडून पाहिल्या आणि विचारलं, किती उशा होत्या? मी म्हटलं, तीन. तो हसला नाही, कागदावर लिहायला लागला. मी विचारलं, "कधी गेली असेल?" "अर्धा तास, पाऊण तास. नक्की नाही सांगता येत." मी म्हटलं, मला नक्की पाहिजे. त्याला वाटलं मी धक्क्यात आहे आणि त्यानं नर्सला मला बसवायला सांगितलं.

जीपनं तिला तांड्यावर नेलं. मास्तर वाटेत औंढ्याला गाडीत चढले. तांड्यावर बायका जमल्याच होत्या, आणि नानीबाई काकी, आता कमरेत वाकलेली, आईच्या उशाशी बसून रडत होती. खरं रडत होती, मला तिचा राग आला नाही. तिनं तिच्या ओळी म्हटल्या, मग इतरांनी, मग लेकीची जागा आली आणि सगळ्या थांबल्या. माझ्याकडे बावीस ओळी होत्या. तांड्यावर त्या दिवसापर्यंत कुणी केल्या नसतील इतक्या चांगल्या होत्या. पण त्या म्हणून झाल्या होत्या, आणि ज्या माणसासाठी होत्या त्याच्याचसमोर. दुसऱ्यांदा म्हणणं म्हणजे बायकांसाठी म्हणणं. मी गप्प राहिले. काकीनं मान हलवली. "मायवर बी न्हाई रडली," ती शेजारणीला म्हणाली, हळू नव्हे. प्रेमदासनं माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. त्यानं मला ध्यान ठेवायला सांगितलं होतं. मी निघून गेले होते, हे त्याला कुणी न सांगताच कळलं होतं.

याला आता दोन वर्षं झाली. मी ऑफिसात जाते, कंटूरच्या रेषा उतरवते, पण आता खाली उतरता येत नाही. पहिल्या पायरीवर पाय ठेवला की मागून हाक येते आणि मी वळून पाहते. ज्या सात दिवसांत मी झिजत होते, त्या सात दिवसांत ती जगली. ज्या अडीच दिवसांत मी भरून आले, त्यात ती गेली. मास्तरांना मी एकदा सगळं सांगितलं. ते म्हणाले, "त्यांनी समदं ऐकलं असंल, रूपा. ऐकूनच गेल्या." मी विचारलं, तुमी होते का तिथं? ते उठून बाहेर जाऊन बसले. बिचारे.

बावीस ओळींना अकरा मिनिटं लागतात. मी घड्याळ लावून पाहिलंय, बऱ्याचदा पाहिलंय. शेवटच्या हाकेनंतर डोळे मिटून बसले होते ते धरून बारा. ती यातल्या कुठल्या मिनिटाला गेली? पहिल्या हाकेलाच गेली असेल तर तिनं काहीच ऐकलं नाही. सुईच्या ओळीपर्यंत होती असं मला वाटतं, कारण तिथं खाट करकरल्यासारखी झाली. पण लोडशेडिंगमध्ये पत्राही उन्हानं तसाच वाजतो. भांडणापर्यंत असेल तर तिनं माझं भांडण ऐकलं, आणि उत्तर द्यायला तिच्याकडे वेळ नव्हता. शेळीची ओळ नववी, साडेचार मिनिटांवर. तिथं ती हसायलाच हवी होती, ती ओळ ऐकून न हसणं तिला जमलंच नसतं. मला हसणं ऐकू आलं नाही. म्हणजे ती नवव्या ओळीच्या आधी गेली. मग वाटतं, त्या वेळी मला बाहेरचं काय ऐकू येत होतं? मी खाली होते. हसली असेलही. मी ऐकत नव्हते, मी म्हणत होते.